दोरीच्या विंगेतले मास्तर

पुलाचा चढ संपला तसे मास्तर चौथ्यांदा थांबले आणि चौथ्यांदा म्हणाले, ‘परीक्षकांना नाटक कळत नाही, मावशी.’

मावशींनी कपड्यांचं बोचकं एका काखेतून काढून दुसऱ्या काखेत घेतलं. त्यात न्यायाधीशाचा काळा कोट होता, नर्सचे दोन ॲप्रन होते आणि सकाळी ऐन प्रयोगात सुटून बापाच्या छातीवर लोंबलेली एक दाढी होती.

‘कळत नसेल,’ त्या म्हणाल्या, ‘पण दिसत तर असेल.’

मास्तरांनी हे ऐकलं नाही. नको ते न ऐकण्याची विद्या त्यांना फार वर्षांपासून साधलेली होती. पुलाच्या कठड्याला हात टेकून, खालून जाणाऱ्या मालगाडीकडे ते असे बघत राहिले, जणू तिचे डबे मोजून कुणाला तरी रिपोर्ट द्यायचा आहे.

एकांकिका स्पर्धेत सतरा संघ होते. बक्षीस मास्तरांच्या नाटकाच्या वर्गाला मिळालं नाही, उत्तेजनार्थ मिळालं नाही, भाषणात कुणी चांगला शब्दही काढला नाही. दुपारी दीडला निकाल लागला आणि अडीचला टेम्पोत सामान चढलं. दोन दरवाजे, एक खिडकी, एक टेबल, अकरा मुलं. उरलेली दोन माणसं मावतील अशी जागा नव्हती. ‘आम्ही चालत येतो,’ मास्तर छाती काढून म्हणाले, ‘नटाला चालायची सवय पाहिजे.’ टेम्पोवाल्याने लगेच फळी लावली. दोन तासांची वाट होती. मावशींच्या गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या नट तर मुळीच नव्हत्या.

मास्तर मावशींपेक्षा सहा वर्षांनी मोठे. सगळी म्हणतात म्हणून तेही त्यांना मावशीच म्हणायचे. आधी आधी मावशींना त्याचा राग यायचा. पुढे त्यांनी तो सोडून दिला, कारण मास्तरांवर रागवायला याहून चांगली कारणं रोज मिळायला लागली.

‘येत्या सोमवारी कमिटी आहे,’ मास्तर चालता चालता म्हणाले. ‘एखादा कप हातात असता तर तोंडावर ठेवला असता त्यांच्या.’

ही खरी गोष्ट होती. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मास्तर सहा वर्षं नाटकाचा वर्ग घेत होते. नवीन सेक्रेटरी आल्यापासून त्यांच्या खुर्चीचा एक पाय हलायला लागला होता. सेक्रेटरी चष्म्याच्या दुकानाचा मालक, प्रत्येक गोष्ट भिंगातून बघणारा. अभिनयाची पदवी घेतलेला एक तरुण त्याने हेरून ठेवला होता. वर्ग मास्तरांकडे ठेवायचा की त्या पदवीवाल्याला द्यायचा, ते सोमवारी ठरणार होतं.

आता मास्तर शिकवत काय होते, तर शब्द. पहिल्या दिवशी ते फळ्यावर चाळीस शब्द लिहायचे आणि मुलांकडून वह्यांत उतरवून घ्यायचे. एन्ट्री, एक्झिट, विंग, क्यू, पॉज, बेअरिंग, टायमिंग, स्वगत. प्रत्येक शब्दाचा अर्थ असा, की ऐकणाऱ्याने मान डोलवावी आणि घरी जाऊन डोकं धरावं. ‘एन्ट्री म्हणजे नटाने आत येणं नव्हे,’ मास्तर खडू हवेत धरून सांगायचे. ‘एन्ट्री म्हणजे तो येण्याआधीच आल्यासारखा वाटणं!’ मागच्या बाकावर नाटकाच्या कपड्यांची मापं घेत बसलेल्या मावशी टेप दातांत धरून मनात म्हणायच्या, बाबा रे, तुझी पोरं आल्यानंतरसुद्धा आल्यासारखी वाटत नाहीत, त्याचं आधी बघ.

पॉजवर त्यांचं दोन दिवस व्याख्यान चालायचं. गप्प कसं बसावं यावर इतकं बोललेला माणूस मावशींनी दुसरा पाहिला नव्हता.

आणि तेविसावा शब्द होता, शून्यातली नजर. हा मास्तरांचा लाडका. दुःखाच्या, रागाच्या, आठवणीच्या वाक्याआधी नटाने मान वळवायची, दूर बघायचं, एक श्वास घ्यायचा आणि मग बोलायचं. ‘मोठ्या नटांचं हेच गुपित,’ मास्तर आवाज खाली आणून म्हणायचे. ‘मी डोळ्यांनी बघितलंय. एकतीस वर्षं.’ कुठे बघायचं तेही ते हात करून दाखवायचे. रंगमंचावर त्या दिशेला कडेची विंग येते, वर्गाच्या हॉलमध्ये पाण्याचं पिंप होतं. त्यामुळे गेली सहा वर्षं त्या वर्गात ज्याला ज्याला दुःख झालं, त्याने ते पिंपाला सांगितलं होतं.

आज ते स्पर्धेत उघडं पडलं. काळ्या फ्रेमच्या चष्म्यातल्या परीक्षक बाई माईकवर म्हणाल्या, ‘मुलं मेहनती आहेत. पण एक कोडं मला सुटलं नाही. त्या एका विंगेत होतं काय? मुलगी रडली तिकडे बघून, बाप चिडला तिकडे बघून, न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली तीही तिकडे बघून. मला वाटलं, आत काहीतरी पेटलंय आणि आम्हाला कुणी सांगत नाहीये.’ हॉल खदखदून हसला. मुलंही हसली. ज्या मुलीला रडण्याचं काम होतं ती फक्त हसली नाही. दिवसभर पार्सलं पोचवून, हेल्मेटने चपटे झालेले केस तसेच घेऊन ती तीन महिने तालमीला आली होती. आज टेम्पोत चढताना तिने मावशींना विचारलं होतं, ‘मावशी, माझं काय चुकलं?’

‘मुलं कच्ची आहेत,’ मास्तर आता म्हणत होते. रस्त्याच्या एका बाजूला कारखान्याची लांबच लांब भिंत लागली होती आणि तिच्या सावलीची पट्टी एक माणूस मावेल एवढीच होती. तीत मास्तर चालत होते. ‘ती पार्सलवाली तर अगदीच दगड. शून्यातली नजर तिला येतच नाही. तिची नजर शून्यात जात नाही, विंगेत जाते. सोमवारी वर्ग राहिला की पहिलं काम, तिला काढणार.’

मावशी उन्हात थांबल्या.

तशा त्या कुणाच्या कामात तोंड घालणाऱ्या नव्हत्या. सकाळी देवाला हात जोडायचे, दिवसभर सुईत दोरा घालायचा, खोटं बोलायचं नाही आणि न विचारता खरंही बोलायचं नाही, अशी त्यांची सरळ रीत होती. पण तीन महिने राबलेल्या पोरीवर आपलं खापर फोडायचं म्हणजे फारच झालं.

‘मास्तर,’ त्या म्हणाल्या, ‘पोरीने तुम्ही शिकवलं तेच केलं. शून्यात बघा असं तोंडाने सांगता आणि हाताने विंग दाखवता.’

‘विंग म्हणजेच शून्य, मावशी. ती खूण असते. तुम्हाला कपड्यांतलं कळतं, हे जरा आतलं आहे.’

‘आतलंच सांगते. आपण नाटक कंपनीत होतो तेव्हा तुम्ही कुठे उभे असायचात?’

हा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. वाचनालयाला वर्ग सुरू करायचा होता तेव्हा कुणीतरी सांगितलं, नाटक कंपनीत एकतीस वर्षं काढलेला एक माणूस आहे. काय म्हणून काढली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही. न विचारलेल्या त्या एका प्रश्नावर सगळा संसार उभा होता. कंपनीत मास्तर दर्शनी पडदा ओढायचे. पडद्याची दोरी एका विंगेत, तिथे ते. समोरच्या विंगेत कपडेपटाची पेटी, तिथे सुईदोरा घेऊन मावशी. मधून नाटक जायचं, रोजचं. कंपनीतली माणसं त्यांना दोरीवाले म्हणायची. मास्तर ही पदवी वाचनालयाने बहाल केलेली.

‘दोरीपाशी,’ मास्तर शेवटी म्हणाले. ‘आणि तिथून मी जे बघितलं ना, ते समोर तिकीट काढून बसलेल्यांनाही दिसलं नाही. आपला नायक, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, तिसऱ्या अंकातलं ते मोठं वाक्य बोलायच्या आधी माझ्याकडे बघायचा. दर प्रयोगाला. मी इतकी मान हलवायचो.’ त्यांनी मान हलवून दाखवली. ‘मग तो सुरू करायचा. लोकांना वाटायचं, काय नजर आहे! ती नजर माझ्यावर होती.’

मावशींना हसू आलं, आणि ते त्यांनी दाबलं नाही.

‘तुमच्या गुडघ्यापाशी कोण बसायचं?’

‘कुठे?’

‘दोरीखाली. स्टुलावर. हातात पुस्तक, पुस्तकावर बॅटरी.’

‘तो? प्रॉम्प्टर.’

‘मग?’

‘मग काय? तो बाकीच्यांसाठी होता, मावशी. एवढ्या मोठ्या नटाला प्रॉम्प्टर कशाला लागतोय!’

‘बाकीचे पाठ करून यायचे, मास्तर.’

मास्तरांची चाल मोडली.

‘मी समोरच्या विंगेत होते,’ मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण एकदा टाका धरला की तो शेवटपर्यंत नेण्याची त्यांना सवय होती. ‘मला नायकाचं डोकं पाठमोरं दिसायचं, आणि त्याच्या पलीकडे तुम्ही दोघं. तुम्ही छाती काढून मान हलवताय, आणि खाली त्या बिचाऱ्याचे ओठ भराभर हलतायत. वाक्य मिळालं की नायक समोर वळायचा आणि बोलायचा. नाही मिळालं की अजून बघत राहायचा. त्यालाच तुम्ही वर्गात पॉज म्हणता. एकदा बॅटरीतले सेल संपले होते, त्या प्रयोगाला तो इतका वेळ बघत राहिला की मी बटण लावून दोरा तोडला तरी त्याचं बघणं चालूच. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं माहीत आहे ना? मौनाचा सम्राट!’

‘ते कात्रण माझ्याकडे आहे,’ मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले.

‘असणारच.’

कारखान्याची भिंत संपली. पुढे एक बंद टायरचं दुकान होतं आणि दारात वापरून झिजलेल्या टायरांची चळत होती. मास्तर त्या चळतीवर बसले. खाली टायर दबला तसे ते एका अंगाला कलले, पण सावरून बसले नाहीत. मावशी उभ्याच राहिल्या. त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं. मास्तर चक्कर येऊन पडले तर बोचकं आणि माणूस दोन्ही आपल्याला उचलता येणार नाहीत, हा एक विचार त्यात होता. पण बोलल्याचा पस्तावा काही त्यांना होत नव्हता. एकतीस वर्षं हातभर अंतरावर बसलेला माणूस न दिसणं, ही काही साधीसुधी करामत नव्हे. स्वतःवरून नजर हटेल तेव्हा ना!

समोरून शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली गेल्या. पाण्याचा टँकर गेला.

‘एकदाही नाही?’ मग मास्तरांनी विचारलं. ‘एकदाही माझ्याकडे बघितलं नसेल?’

‘बघितलं असेल की. पडदा अडकायचा तेव्हा.’

मास्तरांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि मावशींना वाटलं तसं ना रागावले, ना रडकुंडीला आले. एकदम भलत्याच गावी गेले.

‘सोमवारी कमिटीला पुरावा हवाय,’ ते म्हणाले. ‘सेक्रेटरीने लेखी कळवलंय. शिकवणाऱ्याने निदान एक भूमिका रंगमंचावर केलेली असली पाहिजे. कागद नसेल तर साक्षीदार. मी तुमचं नाव दिलंय.’

‘मला न विचारता?’

‘विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.’

‘आत्ताही नाहीच म्हणते.’

‘नायक गेला. मॅनेजर गेला. प्रॉम्प्टर मुलाकडे परदेशात. राहिलात तुम्ही एकट्या.’ मास्तर टायरवरून उठले. ‘वर्ग गेला तर काय होईल सांगू? आमच्या घरी पुढची खोली एकच. आमची ही नर्स होती, तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी सहा ते आठ बिल्डिंगमधल्या बायका रक्तदाब मोजून घ्यायला येतात. आतल्या खोलीत सून पोराचा अभ्यास घेते. वर्ग नव्हता तेव्हा ते दोन तास मी जिन्यात बसायचो. येणारा जाणारा विचारायचा, काय आजोबा, किल्ली विसरलात? पहिले काही दिवस मी नाही म्हणायचो. मग हो म्हणायला लागलो. तेच सोपं पडायचं.’

मावशी चालायला लागल्या. ऐकून त्यांना बरं वाटलं नाही, आणि बरं वाटलं नाही याचाही राग आला. माणूस नुसता पोकळ असता तर बरं असतं. अशी मधेच एखादी खरी गोष्ट काढतो आणि दुसऱ्याची पंचाईत करतो.

‘आणि भूमिका तर मी केलीय,’ मास्तर मागून म्हणाले. ‘तुम्ही बघितलीय.’

ती भूमिका! मावशींच्या तोंडून ‘देवा’ निघालं.

झालं होतं असं. शेवटच्या अंकात नायक खुर्चीत मरायचा. डॉक्टर यायचा, नाडी बघायचा, ‘फार उशीर झाला. आता यांना शांत झोपू द्या,’ अशी दोन वाक्यं म्हणायचा आणि पडदा. एका प्रयोगाला डॉक्टरचं काम करणारा माणूस पोट धरून मेकअपच्या खोलीत आडवा झाला. मॅनेजरला समोर दिसले ते दोरीवाले. एवढी वर्षं ऐकून वाक्यं पाठ आहेत, उभे राहा! डॉक्टर काडीसारखा, दोरीवाले पिंपासारखे. मावशींनी कोटाची मागची शिवण उसवली आणि अकरा टाचण्यांवर तो अंगात बसवला. दोरीवाले बॅग घेऊन आत गेले. खरं सांगायचं तर चांगले गेले. नाडी बघितली. दोन्ही वाक्यं म्हणाले, एक शब्द इकडे तिकडे नाही. अर्थात बोलले ते दोरीच्या विंगेकडे तोंड करून, ते वेगळं.

पडदा पाडायच्या खुणेचा लाल दिवा लागला.

पडदा पडला नाही. पडणार कसा? पडदा पाडणारा माणूस डॉक्टर होऊन मयताची नाडी धरून उभा होता, आणि ही गोष्ट कंपनीतल्या एकाच्याही डोक्यात आली नव्हती. विधवा रडत होती. रडणं संपलं, तिने पुन्हा सुरू केलं. मयताचा दम संपला, त्याने हळूच एक श्वास घेतला. लाल दिवा लागतोय, विझतोय. शेवटी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. खर्जातल्या आवाजात ते विधवेला म्हणाले, ‘बसा तुम्ही. मी आलोच.’ आणि बॅगेसकट विंगेत जाऊन, सगळ्या लोकांना अर्धे दिसत असताना, त्यांनी दोन्ही हातांनी दोरी ओढायला सुरुवात केली. पहिल्याच हिसक्याला अकराच्या अकरा टाचण्या सुटल्या. लोक इतके हसले की मयताचं पोट हलायला लागलं. त्यानंतर आठवडाभर प्रयोगाला आलेले लोक तिकिटाच्या खिडकीवर विचारत होते, आज डॉक्टर तोच आहे ना?

‘तुम्हाला हसायला येतंय,’ मास्तर म्हणाले.

‘नाही.’

‘येतंय. खांदे हलतायत.’

‘बरं, येतंय. कमिटीपुढे हे सांगितलं तर त्यांनाही येईल. आणि सांगायला बसले तर मी सगळं सांगणार, मास्तर. मी खोटं बोलत नाही. वर बसलाय त्याला तोंड दाखवायचंय मला.’

‘खोटं बोला असं कोण म्हणतंय?’

‘मग?’

वाचनालयाची गल्ली दिसायला लागली होती. वाटेत कुठे जेवायला थांबलेला टेम्पो आत्ताच दारात लागला होता आणि मुलं दरवाजे उतरवत होती. पार्सलवाली मुलगी एकटीच खिडकी डोक्यावर घेऊन जिना चढत होती. मास्तरांनी तिला पाहिलं.

‘त्या पोरीचं काय?’ मावशींनी विचारलं. ‘आधी ते सांगा.’

‘राहील ती.’

‘आणि नजर?’

‘समोर ठेवायला शिकवतो.’

‘तुम्ही?’

‘मग अजून कोण आहे तिथे? तो पदवीवाला सोमवारनंतर येईल, आला तर.’ मास्तर गल्लीच्या तोंडाशी थांबले. छाती काढायची सवय होती, ती या वेळी त्यांना आठवली नाही. मावशींच्या काखेतलं बोचकं त्यांनी पहिल्यांदाच आपल्या हातात घेतलं. लाच म्हणून घेतलं हे मावशींना स्वच्छ कळत होतं, तरी त्यांनी दिलं. खांदा भरून आला होता.

‘सोमवारी साडेपाचला या,’ मास्तर म्हणाले. ‘ते विचारतील, यांनी काम केलं होतं का? सांगा, केलं होतं. कसलं? डॉक्टरचं. आत आले, नाडी बघितली, दोन वाक्यं बोलले, एकही शब्द चुकला नाही. यात काही खोटं आहे?’

‘नाही.’

‘कोट कुणी नीट केला विचारलं तर सांगा, मी. टाचण्या मोजून सांगा हवं तर. लोक हसले का, असं विचारलं तर हो म्हणा. मी अडवत नाही. फक्त पडदा कुणी पाडला, हे त्यांनी आपणहून विचारल्याशिवाय सांगू नका, मावशी. एवढंच मागतो.’